साची विधेयक: कॉपी चोख, ब्रीफ चुकीचं

डॉक्टरने प्रचलित उपचार सोडून वेगळा उपचार करायचं ठरवलं आणि तो निर्णय जबाबदारीने घेतलेला असेल, तर तो निष्काळजीपणा ठरणार नाही. ब्रिटिश जाहिरातकार लॉर्ड मॉरिस साची यांच्या ‘मेडिकल इनोव्हेशन बिल’चा गाभा एवढ्या एका वाक्यात मावतो. बाकीचं सगळं, म्हणजे ‘जबाबदारीने’ म्हणजे काय याची पोटकलमं धरून, विधेयक पान-दोन पानांचं. पण डिसेंबर २०१२ ते फेब्रुवारी २०१५ या काळात ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या संघटना, रुग्णसंघटना, वकील, वर्तमानपत्रं आणि संसदेची दोन्ही सभागृहं त्यावर भांडत होती. अधिकृत नाव कुणी फारसं घेत नसे. सगळे ‘साची बिल’ म्हणत. अशासकीय विधेयकाला ब्रँडनेम चिकटावं, हे तसं विरळाच.

या प्रकरणाकडे बहुतेक वेळा दोनच तऱ्हांनी बघितलं जातं. पत्नीच्या मृत्यूने हललेल्या माणसाची धडपड, किंवा जाहिरातवाल्याने वैद्यकशास्त्रात केलेली लुडबुड. दोन्हींत थोडं थोडं तथ्य आहे. आमच्या मते खरी चूक त्याच्या अलीकडची आहे आणि ती साचींच्या स्वतःच्या धंद्याच्या भाषेत नेमकी सांगता येते. जाहिरातीत कॉपीच्या, म्हणजे मजकुराच्या, आधी ब्रीफ येतं. क्लायंटची अडचण नेमकी काय आहे, ते ब्रीफ सांगतं. ते चुकलं की कॉपी जितकी चांगली, तितका घोळ मोठा.

माणूस

मॉरिस साची यांचा जन्म १९४६ चा, बगदादमधल्या ज्यू कुटुंबातला. वडील कापडाचे व्यापारी. बगदादी ज्यू म्हटलं की आपल्याकडे ससून डॉक आणि पुण्याचं ससून रुग्णालय आठवतं. साची कुटुंब त्याच शहरातलं, पण ससूननंतर शंभराहून जास्त वर्षांनी निघालेलं आणि मुंबईऐवजी लंडनला गेलेलं. मॉरिस तेव्हा जेमतेम वर्षाचे होते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून समाजशास्त्राची प्रथम श्रेणीची पदवी, मग हेमार्केट या प्रकाशनसंस्थेत नोकरी, आणि १९७० मध्ये मोठे भाऊ चार्ल्स यांच्याबरोबर साची अँड साची. चार्ल्स कल्पना सांभाळत. मॉरिस क्लायंट, पैसा आणि कंपन्यांची खरेदी.

१९७८ मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचं काम एजन्सीकडे आलं. रोजचा कारभार टिम बेल बघत. त्या उन्हाळ्यातलं ‘लेबर इझन्ट वर्किंग’ (लेबर पक्ष कामाचा नाही, आणि कामगाराला काम नाही, असा दुहेरी अर्थ) हे होर्डिंग जाहिरातीच्या प्रत्येक वर्गात दाखवतात: बेरोजगार कचेरीबाहेर वळणावळणाने लांबत गेलेली रांग. कॉपी अँड्र्यू रदरफर्ड यांची. फोटोसाठी हेंडनच्या तरुण कार्यकर्त्यांना बोलावलं होतं. शंभरेक येतील असा अंदाज होता, आले वीसेक. मग त्याच वीस जणांना वेगवेगळ्या जागी उभं करून पुन्हा पुन्हा टिपलं आणि तुकडे जोडून रांग केली. होर्डिंग लागलं मोजक्याच जागी. पण सत्तेतल्या लेबर पक्षाचे अर्थमंत्री डेनिस हीली त्यावर चिडून जाहीरपणे बोलले, आणि जे होर्डिंग थोड्यांनी पाहिलं असतं ते बातम्यांमधून देशभर पोचलं.

रांग जोडकामाची होती, दुखणं मात्र खरं होतं. देशात सुमारे १५ लाख लोक बेरोजगार होते आणि प्रत्येक मतदाराच्या ओळखीत त्यातला एखादा तरी होता. म्हणजे ब्रीफ बरोबर होतं. पुढे हाच ठोकताळा सगळीकडे वापरला गेला. १९९२ मध्ये लेबरच्या करयोजनेचं ओझं ‘वर्षाला १,२५० पौंड’ या एका आकड्यात कोंबलेला बॉम्ब भिंतींवर लागला. डिसेंबर १९९४ मध्ये भागधारकांनी मॉरिस यांना त्यांच्याच कंपनीतून बाहेर काढलं. १९९५ मध्ये त्यांनी एम अँड सी साची काढली आणि तिचं ब्रीदच विचाराच्या निर्दय साधेपणावर बेतलं. विषय कितीही गुंतागुंतीचा असो, तासत तासत एका ओळीवर आणायचा.

१९९६ मध्ये ते लॉर्ड झाले. विरोधी बाकांवर अर्थ आणि कॅबिनेट कार्यालयाचे प्रवक्ते, नोव्हेंबर २००३ पासून मे २००५ पर्यंत लियाम फॉक्स यांच्यासोबत पक्षाचे सह-अध्यक्ष. ती निवडणूक पक्ष हरला. राजकारणातली त्यांची कारकीर्द एवढ्यावर थांबली असती, तर ‘देणगी, सल्ला आणि लॉर्डपद’ या नेहमीच्या साच्यात ती बसली असती.

आजार आणि निदान

त्यांच्या पत्नी जोसेफिन हार्ट कादंबरीकार होत्या, लंडनमध्ये कवितावाचनाचे जाहीर कार्यक्रम करत. त्यांना पोटाच्या आतल्या आवरणाचा कर्करोग झाला. २ जून २०११ ला त्या गेल्या. हा आजार विरळा आहे, उशिरा कळतो, आणि उपचार बीजाशयाच्या कर्करोगासारखेच: शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी.

उपचारांचं जे रूप साचींनी जवळून पाहिलं, त्याला ते जाहीरपणे मध्ययुगीन म्हणत. दशकानुदशकं तीच औषधं, तेच हाल, तोच शेवट. त्यांचा युक्तिवाद असा चाले: रोगी प्रमाणित उपचारावर मरतो, त्यातून विज्ञान तसूभरही पुढे जात नाही. डॉक्टर वेगळं काही का करत नाहीत? कारण केलं आणि बिघडलं तर कोर्टात प्रचलित उपचार हीच फूटपट्टी लावतात. म्हणजे कायदाच डॉक्टरला जुन्या वाटेवर बांधून ठेवतो. म्हणून कायदा बदला.

ऐकायला हे पटतं. पहिली दोन वाक्यं दुःखातून आलेली आहेत आणि त्यांच्याशी वाद घालावासा वाटत नाही. घोडं पेंड खातं ते ‘कारण’ या शब्दापाशी.

आधीचा कायदा काय होता

इंग्लंडमध्ये वैद्यकीय निष्काळजीपणाची कसोटी १९५७ च्या बोलॅम निकालाची. रुग्णाला स्नायू सैल करणारं औषध न देता विजेचे झटके दिले गेले, हाडं मोडली. तेव्हा डॉक्टरांमध्येच या औषधाबद्दल दोन मतं होती. न्यायाधीशांनी ज्युरीला सांगितलं की त्या विषयातल्या जबाबदार डॉक्टरांच्या एखाद्या गटाला योग्य वाटेल असं वागणारा डॉक्टर दोषी नाही, दुसऱ्या गटाचं मत वेगळं असलं तरी. १९९७ च्या बोलिथो निकालाने त्यात भर घातली: त्या गटाचं मत तर्काला टिकलं पाहिजे. भारतातले डॉक्टर-वकीलही बोलॅम ओळखतात. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू प्रकरणात तीच कसोटी उचलून धरली.

आता प्रश्न असा, की जो उपचार आधी कुणी केलाच नाही, त्याला ‘जबाबदार गट’ आणायचा कुठून? साचींचा सगळा भर या फटीवर होता. पण ती फट २००२ मध्येच बऱ्यापैकी बुजवली गेली होती. वेड्या गाईंच्या रोगाचा जो प्रकार माणसाला होतो, तो झालेले १८ आणि १६ वर्षांचे दोघे. पालकांची मागणी होती की पेंटोसन पॉलिसल्फेट हे औषध थेट मेंदूत सोडावं. या रोगासाठी ते माणसावर वापरून कुणी पाहिलेलं नव्हतं. न्यायाधीश डेम एलिझाबेथ बटलर-स्लॉस यांनी परवानगी दिली आणि बोलॅम कसोटी वैद्यकाच्या प्रगतीच्या आड येता कामा नये, असं निकालपत्रात स्पष्ट लिहिलं. पर्याय नाही, रोग जीवघेणा आहे, धोका आणि फायदा तोलून पाहिलेला आहे, जाणकार डॉक्टर करायला तयार आहेत. एवढं त्यांना पुरलं. त्या दोघांतला एक जण २०११ पर्यंत जगला.

दुसरी गोष्ट पैशाची. ब्रिटनमध्ये एनएचएस, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या, रुग्णालयातल्या डॉक्टरच्या चुकीची भरपाई १९९० पासून त्याच्या खिशातून जात नाही. दावा रुग्णालयाच्या ट्रस्टवर होतो आणि १९९५ पासून ट्रस्टांची सामाईक योजना एनएचएस लिटिगेशन अथॉरिटी चालवत होती. खासगी प्रॅक्टिस करणारे आणि फॅमिली डॉक्टर यांना तेव्हा मेडिकल डिफेन्स युनियनसारख्या संस्थांचं संरक्षण असे. तेव्हा कर्करोगतज्ज्ञ रात्री तळमळत असेल तर दाव्यापेक्षा वेगळ्या कारणांनी. परवाना नसलेलं किंवा दुसऱ्या रोगासाठी परवाना असलेलं औषध हवं असेल, तर एका रुग्णापुरता निधी मिळवण्यासाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो आणि तो बहुधा फेटाळला जातो. औषध कंपनी ते देईलच असं नाही. चाचणी काढायची तर नीतिसमितीचे कागद, पैसे, माणसं आणि पुरेसे रुग्ण लागतात, आणि विरळ्या कर्करोगात नेमके रुग्णच कमी.

यातली एकही गाठ साचींचं विधेयक सोडवत नव्हतं. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. विशेष म्हणजे दाव्यांच्या भीतीपासून डॉक्टरांना वाचवणं हाच ज्यांचा धंदा, ती मेडिकल डिफेन्स युनियनसुद्धा या विधेयकाची गरज नाही असंच सांगत होती. ज्या ग्राहकासाठी माल बनवला, तोच म्हणतो की मला नको. एजन्सीत हे पहिल्याच बैठकीत उघड झालं असतं.

मसुदा, शब्दाशब्दाने

मसुदा अडाणी नव्हता. तो मुरलेल्या संसदीय मसुदाकाराने केला होता आणि दोन वर्षांत अनेकदा घासूनपुसून निघाला. २०१४-१५ च्या रूपात डॉक्टरने काय काय करायचं ते असं: त्या रोगाच्या रुग्णांचा अनुभव असलेल्या एका किंवा अधिक डॉक्टरांचं मत घ्यायचं, कोणताही जबाबदार डॉक्टर घेईल तसं ते मत विचारात घ्यायचं, कायद्याने लागणाऱ्या संमती मिळवायच्या, रुग्णाची इच्छा, नव्या उपचाराचे धोके-फायदे, प्रचलित उपचारांचे धोके-फायदे आणि काहीच न करण्याचे परिणाम तोलायचे, निर्णय पारदर्शक राहील अशी व्यवस्था करायची. शिवाय बोलॅमचा मार्ग डॉक्टरला खुलाच होता. नवा कायदा त्याच्या शेजारी पर्यायी वाट म्हणून.

इथे तीन जागा बारकाईने बघण्यासारख्या आहेत.

पहिली, ‘एका किंवा अधिक’. इंग्रजी कायद्यात याचा अर्थ एक. त्या एकाने होकार दिला पाहिजे असंही नाही. मत घ्यायचं आणि ‘विचारात’ घ्यायचं. तो एक जण स्वतंत्र असावा, त्या उपचारातून त्याला पैसा मिळत नसावा, अशी अट नव्हती.

दुसरी, रोग. मोहिमेच्या प्रत्येक बातमीत कर्करोगाने मरणारा रुग्ण होता. विधेयकात शब्द होता नुसता ‘आजार’. गुडघेदुखी, नैराश्य, मुलांमधला स्वमग्नपणा, काहीही. ‘मरणासन्न’, ‘पर्याय संपलेला’, ‘विरळा’ यांपैकी एकाही शब्दाने त्याची व्याप्ती आवळलेली नव्हती. होर्डिंगवरचं चित्र आणि करारातली बारीक अक्षरं यांत अंतर असतं हे जाहिरातवाल्याला सांगावं लागत नाही. पण जाहिरातीचं वाक्य वाचतो तो ग्राहक, आणि कायद्याचं वाक्य आधी वाचतो तो त्यात पळवाट शोधणारा.

तिसरी, नोंद. नव्या उपचाराचे बरे-वाईट निकाल कुठेतरी नोंदले गेले नाहीत तर विज्ञान पुढे कसं जाणार? हा आक्षेप वाढल्यावर नोंदणीचं पोटकलम आलं. त्याची रचना अशी की व्यवसायाच्या नियमांनी नोंदणी सक्तीची केली असेल, तर डॉक्टरने ती पाळावी. नियमच नसेल तर पाळायला काही नाही. साचींची मूळ तक्रार होती की प्रत्येक मृत्यू विज्ञानाच्या दृष्टीने वाया जातो. त्या तक्रारीचं उत्तर विधेयकात सर्वांत शेवटी आणि सर्वांत सैल विणीत आलं.

हे प्रत्यक्षात कसं चाललं असतं ते एका कल्पित उदाहरणावर तपासू. लंडनमधलं खासगी क्लिनिक. पाठदुखीचा रुग्ण. डॉक्टर मणक्यात मूलपेशींचं इंजेक्शन सुचवतो. किंमत काही हजार पौंड. शेजारच्या खोलीतला सहकारी त्याच विषयातला, तोही हीच इंजेक्शनं देणारा. त्याचं मत घेतलं, केसपेपरवर नोंदवलं, संमतीपत्रावर सही झाली. महिन्याभराने मणक्यात जंतुसंसर्ग.

बोलॅमखाली रुग्णाचा वकील एक प्रश्न विचारतो: जबाबदार डॉक्टरांचा कुठला गट हे योग्य मानेल? गट सापडत नाही, मत तर्काला टिकत नाही, भरपाई. साची विधेयकाखाली आधी दुसरीच सुनावणी सुरू होते. मत घेतलं का? घेतलं. सहकारी ‘अनुभवी’ का? हो. मत ‘जबाबदार डॉक्टर घेईल तसं’ विचारात घेतलं का? इथे वाद. बाजूने बोलणारे म्हणत, असल्या संगनमताला कोर्ट जबाबदार म्हणणारच नाही. कदाचित खरं असेल. पण ते ठरायला एक आख्खा खटला लागला असता, रुग्णाच्या पैशाने, आणि तोवर त्याच्या मणक्याचं काय झालं याकडे कोर्ट वळलंही नसतं. शिवाय संरक्षण होतं फक्त निर्णयाला. सुई नीट टोचली का, निर्जंतुक होती का, यावर दावा आधीसारखाच. म्हणजे जो प्रामाणिक डॉक्टर कोर्टाला घाबरत होता, त्याची भीतीसुद्धा पूर्ण जात नव्हती.

मोहीम

जाहिरातीच्या बाजूने पाहिलं तर काम उत्तम झालं. वेबसाइट, ट्विटर खातं, रुग्णांच्या कहाण्या, डेली टेलिग्राफचा उघड पाठिंबा. संदेश एकच: डॉक्टरला भीतीतून मोकळं करा, कर्करोगावर औषध सापडेल. नोव्हेंबर २०१३ मध्ये आरोग्यमंत्री जेरेमी हंट यांनी जनतेच्या हरकती-सूचना मागवण्याचं जाहीर केलं. फेब्रुवारी ते एप्रिल २०१४ मध्ये ते झालं.

आरोग्य खात्याचे प्रश्न पुराव्याचे होते. डॉक्टर कधी नवा उपचार करू शकतो याबद्दल कायद्यात संदिग्धता आहे असं दाखवणारा अनुभव किंवा पुरावा तुमच्याकडे आहे का? दाव्याच्या शक्यतेने डॉक्टर मागे हटतात याचा पुरावा आहे का? मोहिमेने मात्र पाठिंबा गोळा केला, तोही १८ हजारांहून जास्त लोकांचा. खात्याने विचारलं ‘दाखवा’, मोहिमेने उत्तर दिलं ‘आम्ही इतके जण आहोत’. निवडणुकीत हे उत्तर चालतं, कारण तिथे डोकीच मोजायची असतात. इथे हजारो सह्यांच्या ढिगात एखाद्या डॉक्टरने ‘मी अमुक उपचार दाव्याच्या भीतीने टाळला’ असं पुराव्यासह लिहिलेलं एक पान जास्त वजनाचं ठरलं असतं.

समोर कोण होतं? ब्रिटिश मेडिकल असोसिएशन, रुग्णांसाठी काम करणारी ‘अॅक्शन अगेन्स्ट मेडिकल अॅक्सिडेंट्स’, मिड-स्टॅफर्डशर रुग्णालयाची चौकशी करणारे सर रॉबर्ट फ्रान्सिस. नोव्हेंबर २०१४ मध्ये शंभरावर कर्करोगतज्ज्ञांनी द टाइम्समध्ये विरोधाचं पत्र लिहिलं. डॉक्टर आणि डॉक्टरांवर दावे लावणारे वकील एकाच बाजूला उभे, हे दृश्य सहसा दिसत नाही. डॉक्टर असलेल्या कॉन्झर्व्हेटिव्ह खासदार सेरा वोलस्टन स्वपक्षाच्या लॉर्डच्या विधेयकावर जाहीर टीका करत होत्या. सगळ्यांचा सूर साधारण एक: अडथळा दाव्यांचा नाही; आणि सिद्ध न झालेले उपचार विकणाऱ्यांना मात्र यातून ढाल मिळेल.

सरकारने मधला मार्ग काढला. एनएचएसचे वैद्यकीय संचालक सर ब्रूस कीओ यांच्या देखरेखीखाली दुरुस्त्या आल्या आणि आरोग्य खातं विधेयकाच्या पाठीशी उभं राहिलं. प्रत्येक दुरुस्तीने रुग्णाला थोडं जास्त संरक्षण मिळालं आणि त्याच प्रमाणात मूळचं एका ओळीचं वचन पातळ झालं. शेवटच्या रूपातलं विधेयक बोलॅमच्या इतकं जवळ आलं होतं की विरोधक विचारू लागले, मग नवा कायदा कशाला? समर्थकांकडे याचं धड उत्तर नव्हतं, कारण वेगळेपण दाखवावं तर धोका दिसे आणि धोका झाकावा तर वेगळेपण उरत नसे.

शुक्रवारचं गणित

हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये दुसरं वाचन २७ जून २०१४, समिती टप्पा २४ ऑक्टोबर, अहवाल टप्पा १२ डिसेंबर, तिसरं वाचन २३ जानेवारी २०१५. वरिष्ठ सभागृहात चर्चेला सहसा वेळेची कात्री नसते, सदस्य एकमेकांशी सभ्यतेने वागतात, आणि पत्नी गमावलेल्या सहकाऱ्याचं विधेयक मतदानाने पाडायला कुणी धजावत नाही. त्यामुळे ते पुढे सरकलं. याचा अर्थ ते पटलं होतं असा नाही.

हाउस ऑफ कॉमन्समध्ये हिशेब वेगळा. अशासकीय विधेयकांना एका अधिवेशनवर्षात १३ शुक्रवार मिळतात. पहिला हक्क चिठ्ठीत नाव निघालेल्या २० खासदारांचा. लॉर्ड्समधून आलेलं विधेयक रांगेच्या शेपटाला. दुपारी अडीच वाजता सभागृहाचं काम थांबतं; त्यानंतर उरलेल्या विधेयकांची नुसती नावं पुकारतात आणि एका सदस्याने ‘ऑब्जेक्ट’ असा आवाज टाकला की त्या दिवसापुरतं विधेयक संपलं. कारण सांगावं लागत नाही, मतदान होत नाही. ३० मार्च २०१५ ला संसद विसर्जित होणार होती. म्हणजे जेमतेम दोन महिने. यातून निभावायचं तर सरकारने स्वतःचा वेळ द्यायला हवा, आणि कॉन्झर्व्हेटिव्ह-लिबरल डेमोक्रॅट आघाडी सरकारात तो द्यायला दोन्ही पक्षांची संमती लागे. फेब्रुवारीअखेर लिबरल डेमोक्रॅट्सनी ती दिली नाही. इतक्या मोठ्या आक्षेपांवर पुरेशी चर्चा न करता ते रेटता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. साचींनी दोष त्या पक्षाचे नेते निक क्लेग यांना दिला.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. पुरेसा वेळ असता तर विधेयक पास झालं असतं असं मानायला फारसा आधार नाही. पुढच्याच वर्षी ते दिसलं. २०१५ च्या निवडणुकीनंतर कॉन्झर्व्हेटिव्हांचं एकट्याचं बहुमत होतं. खासदार ख्रिस हीटन-हॅरिस यांना चिठ्ठीत क्रमांक मिळाला आणि त्यांनी साची विधेयकाचा गाभा पुन्हा आणला, सोबत नव्या उपचारांच्या माहितीकोशाची तरतूद जोडून. आता आडवा येणारा मित्रपक्ष नव्हता, शुक्रवार होता, मंत्र्यांचा कल होता. तरीही त्याच संघटना तेच आक्षेप घेऊन उभ्या राहिल्या आणि २९ जानेवारी २०१६ ला अहवाल टप्प्यावर निष्काळजीपणाची कलमं मांडणाऱ्यानेच काढून टाकली. ती काढताच विरोध ओसरला.

२३ मार्च २०१६ ला राणीची संमती मिळाली. ‘अॅक्सेस टू मेडिकल ट्रीटमेंट्स (इनोव्हेशन) अॅक्ट २०१६’, त्या वर्षीचा नववा कायदा. त्यात डॉक्टरच्या दायित्वाबद्दल एक अक्षर नाही. भीती नाही, कोर्ट नाही, बोलॅमला पर्याय नाही. आहे ती माहितीकोशाची तरतूद: नवे उपचार कोणते केले गेले आणि त्यांचं काय झालं, याची डॉक्टरांना बघता येईल अशी नोंद. जी गोष्ट साचींच्या तक्रारीच्या मुळाशी होती आणि त्यांच्या मसुद्यात शेवटी येऊन बसली होती, तीच शेवटी कायद्याच्या पुस्तकात पोचली. तिथेही क्रियापद बघून घ्यावं: आरोग्यमंत्री विनियमांद्वारे असा कोश उभारण्याचं काम सोपवू ‘शकतील’. ‘सोपवतील’ असं नाही.